टायरमधल्या तारेचं फायबर काँक्रीट: गोदामाची जमीन घालताना पायरीपायरीने

ट्रकचा किंवा गाडीचा टायर भंगारात गेला की त्याचा भुगा करणाऱ्या कारखान्यात रबर वेगळं होतं आणि चुंबकावर बारीक पोलादी तार उरते. टायर बनवताना ही तार थंड अवस्थेत ओढून बारीक केलेली असते. तिची ताण सोसण्याची ताकद साधारण २००० मेगापास्कल किंवा त्याहून जास्त भरते. आपण वापरतो त्या एफई ५०० सळईसाठी ही मर्यादा किमान ५४५ आहे. म्हणजे भंगारात आलेली ही तार कमअस्सल मुळीच नाही. अडचण एवढीच की ती सारखी नसते. एका गोणीत लांब तार, दुसरीत तुकडे, तिसरीत रबराचा चुरा. ही असमानता आधी ओळखायची, चाळायची आणि मग तार फायबर म्हणून, म्हणजे सळईच्या जाळीऐवजी सुट्या तुकड्यांनी, काँक्रीटमध्ये सारखी पसरवायची, हेच या कामाचं मर्म आहे. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हे मार्गदर्शन जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटसाठी आहे: गोदाम, वर्कशॉप, दुकानामागचं आवार, पार्किंग, शेतमाल उतरवायचा ओटा. बीम, कॉलम, गच्चीचा स्लॅब, पाण्याची टाकी किंवा जिना यांतली सळई काढून त्याजागी फायबर घालायचं नाही. थोडं घालून सळई कमी करू, असंही कुणी सुचवेल. तेही ऐकू नका.

## १. आधी ठरवा: फायबर कशासाठी हवं?

काँक्रीट दाब सोसतं, ताणाला मात्र कच्चं असतं. जमिनीच्या कोब्यात सळईची जाळी टाकतात ती तडा गेल्यावर दोन्ही बाजू धरून ठेवायला. तेच काम फायबर सगळ्या जाडीभर करतं. तडा पडूच देत नाही असं नाही. पडलेला तडा केसासारखा बारीक ठेवतं आणि त्याच्या दोन्ही कडा वर-खाली होऊ देत नाही.

पुनर्वापराचं फायबर कारखान्यात बनवलेल्या पोलादी फायबरपेक्षा कुठे वेगळं पडतं, ते आकड्यांत बघा. कारखान्याचं नेहमीचं फायबर ६० मिमी लांब आणि ०.७५ मिमी जाड असतं, टोकं हुकासारखी वाकवलेली असतात. एका किलोत असे साधारण ४,८०० तुकडे बसतात. टायरची तार ०.२५ मिमी जाड आणि २० मिमी लांब धरली तर एका किलोत सुमारे १ लाख ३० हजार तुकडे येतात. इतकी दाट पेरणी असल्यामुळे तडा अगदी सुरुवातीलाच, बारीक असतानाच अडवला जातो. पण तुकडे आखूड आणि टोकं सरळ, त्यामुळे तडा रुंदावला की ते काँक्रीटमधून सुटून येतात.

यावरून निवड अशी करा:

- दुचाकी-चारचाकी पार्किंग, हलकी साठवण, माणसांची ये-जा: फक्त टायरची तार चालते.
- फोर्कलिफ्ट, भरलेले ट्रक, उंच रॅकचे पाय: कारखान्याचं हुक असलेलं फायबर आणि टायरची तार मिसळून, उदाहरणार्थ २० किलो अधिक १० किलो दर घनमीटरला. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं डिझाइन लागेलच.
- गुरांचा गोठा, अनवाणी चालायची जागा, मुलांचं अंगण: पोलादी तार नको. वरचा थर झिजला की टोकं वर येतात आणि खुरांत, पायात घुसतात.
- समुद्राकाठ, मिठाचं गोदाम, मासळीचा ओटा: इथेही पोलाद नको. क्षारांमुळे पृष्ठभागाजवळची बारीक तार लवकर गंजते.

शेवटच्या दोन ठिकाणी पुनर्वापर केलेल्या पॉलिप्रॉपिलीनचं जाड फायबर बघावं. ऑस्ट्रेलियात जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधनातून असं फायबर पुढे आलं आणि पदपथांच्या काँक्रीटमध्ये जाळीऐवजी वापरलं गेलं. प्रमाण साधारण ४ ते ६ किलो दर घनमीटरला असतं. हे पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे पातळ काँक्रीटमध्ये वर तरंगतं, म्हणून स्लम्प (साचा काढल्यावर ओलं काँक्रीट किती मिमी खाली बसतं ते माप) १०० मिमीच्या आसपासच ठेवावा लागतो.

## २. काय घेऊ नये

पाण्याच्या बाटल्या कापून केलेल्या पट्ट्या स्वस्त म्हणून पुढे केल्या जातात. बाटलीचं प्लास्टिक पीईटी असतं आणि काँक्रीटच्या आतलं वातावरण तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच १२.५ च्या वर. त्यात पीईटी वर्षानुवर्षं हळूहळू झिजत जातं. शिवाय बाटलीची पट्टी गुळगुळीत असल्यामुळे काँक्रीटला धरतही नाही. पहिल्या महिन्यातली चाचणी छान येईल आणि फसवेल.

फायबरग्लासच्या भंगाराचंही तसंच. साधी काच काँक्रीटमधल्या अल्कलीपुढे टिकत नाही. काँक्रीटसाठीची अल्कलीरोधक काच वेगळी बनवलेली असते, ती पत्र्याच्या किंवा बोटीच्या भंगारात मिळत नाही.

आणि एक गैरसमज: गिलाव्यात आणि कोब्यात घालायची बारीक केसांसारख्या प्लास्टिक तंतूंची पुडी, गोणीमागे एक, ही ओल्या काँक्रीटला पहिल्या काही तासांत पडणाऱ्या भेगांसाठी असते. ती जाळीची जागा घेत नाही.

## ३. तार कुठून आणि कोणत्या कागदांवर घ्यायची

जुन्या टायरवर दोन तऱ्हेने प्रक्रिया होते. एक, यंत्रात तुकडे आणि भुगा करून. दुसरी, भट्टीत हवेविना तापवून तेल काढणं, म्हणजे पायरोलिसिस. पहिल्या तऱ्हेची तार घ्या. टायरच्या तारेवर रबर चिकटावं म्हणून पितळेचा पातळ मुलामा दिलेला असतो. भुग्यातून आलेली तार उजेडात धरली तर हा पिवळसर रंग अजून दिसतो. भट्टीतली तार काळी असते. उष्णतेने तिची ताकद घटलेली असते, अंगावरची काजळी ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) शोषून घेते आणि सिमेंटची पकड कमी करते.

विक्रेत्याकडून हे मागा:

- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत, मुदत तपासून
- टायर पुनर्वापर करणारा म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असलेली नोंदणी (टायर उत्पादकांवरच्या विस्तारित जबाबदारीचे नियम २०२२ मध्ये आले, त्याखाली ही नोंदणी होते)
- त्या लॉटचा चाचणी दाखला: तारेची जाडी, लांबीची विभागणी, ताणशक्ती, रबराचं प्रमाण
- पक्कं बिल, लॉट क्रमांकासह

एका कामासाठी लागणारी सगळी तार एकाच लॉटची घ्या. थोडी-थोडी मागवली की प्रत्येक वेळी चौथ्या पायरीची तपासणी नव्याने करावी लागते.

काम सरकारी असेल तर टेंडरमध्ये जाळी लिहिलेली असताना स्वतःहून फायबर घालू नका. कार्यकारी अभियंत्याची लेखी मंजुरी आधी घ्या, नाहीतर बिल अडकेल. रस्त्याच्या कामाला इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी एसपी ४६ (२०१३) ही फायबर काँक्रीटच्या रस्त्यांसाठीची मार्गदर्शिका आहे, मंजुरी मागताना तिचा आधार द्या.

## ४. गोणी उघडून तपासणी

दर दहा गोण्यांमागे एक गोणी उघडा. वरची मूठभर तार घेऊन भागत नाही. चुरा आणि आखूड तुकडे हलताना तळाशी बसतात. गोणी ताडपत्रीवर पूर्ण ओता, मधून आणि तळातून मिळून एक किलो घ्या.

पहिल्यांदा चुंबक फिरवून सगळी तार उचला. खाली जे उरेल ते रबर, कापडाचा पिंजलेला धागा आणि माती. ते वजन करा. आम्ही मर्यादा किलोमागे १० ग्रॅम धरतो. रबराचा चुरा काँक्रीटची ताकद कमी करतो. धाग्याचा कापूस तर त्याहून त्रासदायक. तारांना एकत्र बांधून तो गोळे करतो.

मग तारेचे २०० तुकडे न निवडता, येतील तसे घेऊन पट्टीवर मोजा. कंटाळवाणं आहे, पण दोन माणसं अर्ध्या-पाऊण तासात करतात आणि पुढचा सगळा निकाल यावर आहे. ८० टक्के तुकडे १० ते २५ मिमी यांच्यात हवेत. १० पेक्षा आखूड तार फक्त वजन भरते. २५ पेक्षा लांब, बारीक आणि वाकडी तार मिक्सरमध्ये जाळं विणते.

शेवटी मूठभर तार घट्ट दाबा आणि सोडा. झटकल्यावर बहुतेक सुटी होऊन पडली तर ठीक. घरट्यासारखा गोळा हातात राहिला तर तो लॉट परत पाठवा. साइटवर सोडवत बसण्यात मजुरी फुकट जाते.

हलका तांबूस गंज चालतो. बोटाने चोळल्यावर पापुद्रे निघत असतील तर नको. गोण्या फळीवर आणि छपराखाली ठेवा. एका पावसात ही तार एकमेकींना चिकटून ढेकूळ होते.

हाताळताना जाड चामडी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट हवेतच. तार सुईसारखी घुसते आणि रबरी हातमोज्यातून आरपार जाते. कामावरच्या माणसांचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, ते आधी विचारा.

## ५. मिक्स डिझाइन आणि चाचणी

एम ३० साठी (२८ दिवसांनी ३० मेगापास्कल दाब सोसणारं काँक्रीट) सुरुवातीचं प्रमाण, एका घनमीटरला:

- पीपीसी (राख मिसळलेलं पोर्टलँड) सिमेंट: ३८० किलो
- पाणी: १७१ लिटर (पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५)
- क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू): ८२० किलो
- १० मिमी खडी: ६०० किलो
- २० मिमी खडी: ४६० किलो
- सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं ॲडमिक्श्चर): सिमेंटच्या ०.८ ते १ टक्का
- टायरची तार: २५ किलो

हे तसंच्या तसं वापरायचं नाही. तुमच्या खाणीची खडी आणि तुमची क्रश सँड घेऊन प्रयोगशाळेत आयएस १०२६२ (२०१९) प्रमाणे ट्रायल करून घ्यायची. नेहमीच्या मिक्सपेक्षा इथे दोन गोष्टी मुद्दाम बदललेल्या आहेत. बारीक माल जास्त आहे, कारण प्रत्येक तारेला वेढायला सिमेंट-वाळूची लापशी लागते. आणि २० मिमी खडी कमी आहे. तारच २० मिमीची असल्यावर मोठे खडे दाट झाले, तर तारेला पसरायला जागा राहत नाही, ती खड्यांच्या मधल्या फटींत गोळा होते.

ट्रायलमध्ये २५ आणि ३५ किलो असे दोन नमुने घाला. क्यूब (दाबून बघायचे काँक्रीटचे ठोकळे) टाका, पण एक गोष्ट मनात पक्की ठेवा: क्यूबची चाचणी दाबाची आहे आणि एवढ्या प्रमाणात तार दाबाच्या ताकदीत फारसा फरक करत नाही. तार अजिबात न घालता टाकलेला क्यूबही पास होईल. फायबर आहे आणि काम करतंय, याचा पुरावा म्हणून कुणी क्यूबचा रिपोर्ट पुढे केला तर तो मान्य करू नका.

खरी चाचणी बीमची. ईएन १४६५१ या युरोपीय पद्धतीत १५० × १५० मिमी छेदाचा बीम ५०० मिमी अंतरावर टेकवतात, मधोमध खालून २५ मिमीची खाच पाडतात आणि वाकवत नेताना खाच किती उघडली ते मोजतात. खाच ०.५ मिमी उघडलेली असताना किमान १.५ मेगापास्कल आणि ३.५ मिमी उघडलेली असताना किमान १ मेगापास्कल ताकद शिल्लक हवी. पोलादी फायबरच्या युरोपीय मानकातली ही किमान पातळी आहे. नुसत्या टायरच्या तारेत पहिला आकडा सहसा सोपा जातो, अडतो तो दुसरा. तार आखूड असल्याचा परिणाम तिथे दिसतो. दुसऱ्यात नापास झालात तर टायरची तार वाढवत नेण्यापेक्षा थोडं हुक असलेलं फायबर मिसळा. टायरची तार ३०-३५ किलोच्या वर गेली की गोळे आवरत नाहीत.

अशी चाचणी सगळ्या प्रयोगशाळांत होत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) कंपनीच्या प्रयोगशाळेत आधी चौकशी करा आणि २८ दिवसांचा वेळ वेळापत्रकात धरा.

## ६. हिशेब

समजा जमीन १२ मी × ९ मी, जाडी १५० मिमी. काँक्रीट १६.२ घनमीटर, ५ टक्के नासधूस धरून १७. तार २५ किलोने ४२५ किलो.

आता याच जमिनीत ८ मिमी सळई दोन्ही बाजूंनी २०० मिमी अंतराने टाकली असती तर चौरस मीटरला साधारण ३.९५ किलो, म्हणजे १०८ चौरस मीटरला ४२७ किलो. वजन जवळपास तेवढंच! म्हणून फायबरमुळे लोखंड वाचतं, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. वाचतं ते नवीन पोलाद, कारण ही तार आधीच एकदा बनून वापरून झालेली आहे. वाचते फिटरची मजुरी, बांधणीची तार, कव्हर ब्लॉक आणि दोन-तीन दिवस. आणि जाळीचा नेहमीचा रोग टळतो: काँक्रीट ओतताना माणसं जाळीवर उभी राहतात, ती तळाशी दबते आणि तिथे तिचा काहीच उपयोग उरत नाही.

## ७. खालची जमीन

इथे फायबर आणि साधं काँक्रीट यांत फरक नाही, म्हणून थोडक्यात. मुरूम १५० मिमीच्या थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबा. त्यावर सोलिंग (दगडांचा थर) आणि १०० मिमी पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट), वर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोड १५० मिमी चढवून. काळी माती असेल तर ती खणून काढा आणि न फुगणारा मुरूम भरा. पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसणाऱ्या मातीवर कोणतंही फायबर जमीन वाचवू शकत नाही.

कॉलमभोवती आणि भिंतीलगत १० ते १२ मिमी थर्माकोलची पट्टी लावा, म्हणजे जमीन त्यांना न चिकटता मोकळी हलेल. दोन दिवसांच्या कामांमधल्या जोडावर २० मिमी व्यासाचे, ४०० मिमी लांबीचे साधे डॉवेल (जोडाच्या दोन्ही बाजू सांधणारे गुळगुळीत गज) ३०० मिमी अंतराने टाका, अर्ध्या भागाला ग्रीस लावून. तेवढी सळई फायबरच्या जमिनीतही लागते.

## ८. मिसळणं

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात.

साइटवरच्या मिक्सरमध्ये: एका गोणीच्या घाण्याला ३.३ किलो तार. प्रत्येक घाण्यासाठी आधीच वजन करून वेगळ्या बादल्या भरून ठेवा. घमेल्याच्या अंदाजाने घालू देऊ नका. आधी खडी आणि थोडं पाणी, मग क्रश सँड. ड्रम फिरत असताना तार २५ मिमी जाळीच्या चाळणीतून, पीठ चाळावं तशी, पातळ भुरभुरवत सोडा. एक मिनिट कोरडंच फिरू द्या. मग सिमेंट, उरलेलं पाणी आणि ॲडमिक्श्चर, आणि आणखी तीन मिनिटं. ड्रम क्षमतेच्या दोन तृतीयांशच भरा. आतली पाती झिजलेला मिक्सर या कामाला घेऊ नका, तो माल उलटत नाही, नुसता घरंगळवतो.

ट्रान्झिट मिक्सरमध्ये (प्लँटवरून काँक्रीट आणणारी गाडी): ६ घनमीटरला १५० किलो. गाडी आली की आधी स्लम्प बघा, १५० मिमीच्या आसपास हवा. ड्रम पूर्ण वेगाने फिरवा आणि तार मिनिटाला २० किलोपेक्षा जास्त जाणार नाही अशी सोडा. म्हणजे साडेसात-आठ मिनिटं. त्यानंतर पूर्ण वेगात आणखी पाच मिनिटं. ड्रायव्हरला घाई असते, त्याला आणि प्लँटला हे आदल्या दिवशी सांगून ठेवा, वेळ बिलात धरायला लावा. शक्य असेल तर प्लँटवरच पट्ट्यावरच्या खडीबरोबर तार घाला. तो सर्वांत चांगला मार्ग.

गोणी उघडून थेट ड्रमच्या तोंडात रिकामी केली की गोळे होणारच. झालेला गोळा फिरवून सुटत नाही. हॉपरवर ४० मिमीची जाळी ठेवा, त्यावर अडकलेले गोळे काढून बाजूला टाका, फावड्याने फोडून परत घालू नका.

तार घातल्यावर स्लम्प २५ ते ५० मिमीने उतरतो आणि काँक्रीट बघायला जाड वाटतं. नेमक्या या क्षणी कुणीतरी पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडतं. तो थांबवायला तिथे जबाबदार माणूस उभा पाहिजे. जाड वाटणारं हे काँक्रीट व्हायब्रेटर लावला की व्यवस्थित वाहतं. खरंच कमी पडत असेल तर ॲडमिक्श्चरचा थोडा डोस वाढवा. पावसाळ्यात आणखी एक: ८२० किलो क्रश सँडमध्ये ५ टक्के मोकळं पाणी असेल तर ते ४१ लिटर झालं, तेवढं १७१ मधून वजा झालंच पाहिजे.

तारेची मोजदाद. गाडीच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे १०-१० लिटरचे तीन नमुने बादलीत घ्या. पाण्याने धुवा, चुंबकाने तार उचला, वाळवून वजन करा. २५ किलोच्या प्रमाणाला प्रत्येक बादलीत २५० ग्रॅम यायला हवी. एकही नमुना २०० च्या खाली नको आणि तिघांची सरासरी २१२ च्या खाली नको. पहिल्या नमुन्यात १५०, शेवटच्यात ३५० असं आलं तर एकूण तार बरोबर असूनही मिसळणी चुकली आहे. अर्धी जमीन उपाशी राहील. काट्याला आणि बादलीला मिळून जो खर्च येतो तो एका गोणी सिमेंटइतकाही नसेल, पण पुष्कळ ठिकाणी ही चाचणी कुणी करत नाही.

## ९. ओतणं आणि घोटाई

पट्ट्या आखून एकाआड एक न घालता शक्य तेवढं सलग ओता. स्क्रीड व्हायब्रेटर वापरा. नीडल (काँक्रीटमध्ये खुपसायचा व्हायब्रेटर) फक्त कडेला आणि कॉलमजवळ, तीही थोडा वेळ. नीडल एका जागी धरून ठेवली की तार तिच्याभोवतीने बाजूला सरते आणि तिथे बिनतारेची जागा राहते. काँक्रीट फावड्याने ओढण्याऐवजी दाताळ्याने सरकवा.

स्क्रीडनंतर लगेच लाकडी किंवा मॅग्नेशियमचा बुल फ्लोट (लांब दांड्याची सपाट फळी) फिरवला की वरची तार खाली दबते. ट्रिमिक्स (ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी व्हॅक्यूमने ओढणं) करणार असाल तर व्हॅक्यूमची चटई त्यानंतर. पॉवर फ्लोटर (घोटाईचं यंत्र) घाईने लावू नका. पायाचा ठसा ३ ते ५ मिमी उमटेल इतकं घट्ट झाल्यावरच. लवकर लावला तर पाती तार उचकटून वर आणतात. वरून फ्लोअर हार्डनर (पृष्ठभाग कठीण करणारी पूड) चौरस मीटरला ४ ते ५ किलो पेरून घोटला तर तार झाकली जाते आणि गंजाचे ठिपके दिसत नाहीत. हार्डनर न वापरल्यास पहिल्या काही महिन्यांत तांबूस ठिपके येतील. त्याने ताकद कमी होत नाही, पण मालकाला हे आधीच सांगून ठेवा.

काम संपल्यावर चाकांचा चुंबकी झाडू सगळ्या आवारातून फिरवा. सांडलेली तार पुढे गाड्यांच्या टायरांत जाते.

## १०. कटिंग, क्युरिंग आणि पुढचे महिने

फायबर आहे म्हणून जॉइंट (तडा सरळ रेषेत पडावा म्हणून करवतीने कापलेल्या खाचा) नकोत, ही विक्रेत्यांची आवडती भाषा. एवढ्या कमी प्रमाणाला जॉइंट लागतात. अंतर जाडीच्या २४ ते ३० पट. वरच्या उदाहरणात १२ मीटरचे तीन भाग आणि ९ मीटरचे दोन, म्हणजे ४ × ४.५ मीटरचे सहा पॅनेल. लांबी रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. खोली जाडीच्या एक तृतीयांश, इथे ५० मिमी. साध्या काँक्रीटला चौथाई पुरते, पण फायबर खालचा भाग धरून ठेवत असल्यामुळे उथळ कापलं तर तडा खाचेत न जाता मध्येच कुठेतरी फुटतो.

कापायची वेळ घड्याळ बघून ठरत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात सहा-आठ तासांत तयार होतं, डिसेंबरच्या नाशिकमध्ये बारा ते अठरा लागू शकतात. फूटभर कापून बघा. कडेचे खडे उखडले किंवा तार ओढली जाऊन कड फाटली तर तासभर थांबा. कड स्वच्छ आली की त्याच दमात सगळं उरका, रात्र असली तरी. ब्लेड आणि पेट्रोल आधीच जवळ ठेवा.

पीपीसीला किमान १० दिवस पाणी लागतं, १४ दिवस मारलं तर उत्तम. छोटे बांध घालून पाणी तुंबवा किंवा गोणपाट ओलं ठेवा. फक्त सकाळ-संध्याकाळ पाइप मारून मध्ये वाळू दिलं तर वरचा थर भुसभुशीत होतो आणि त्यातूनच तार डोकं वर काढते.

जड गाड्या २८ दिवसांनंतर. जॉइंट मात्र लगेच भरू नका. काँक्रीट महिनोन्महिने आकसत असतं, म्हणून निदान तीन महिने थांबा, मग खाच हवेने झाडून पॉलियुरेथेन सीलंट भरा. घाईने भरलेला सीलंट एका बाजूने सुटतो.

तारेचा लॉट क्रमांक, प्रत्येक गाडीच्या तीन बादल्यांची वजनं, स्लम्प, ओतण्याची आणि कटिंगची वेळ हे सगळं पॅनेल क्रमांकानुसार वहीत लिहा आणि मालकाला एक प्रत द्या. वर्षभराने एखाद्या पॅनेलला तडा दिसला तर आधी वहीत त्या पॅनेलची बादली बघा. वजन बरोबर असेल तर दोष खालच्या भरावात किंवा उशिरा झालेल्या कटिंगमध्ये शोधायचा.

उरलेली तार कोरडी बांधून पुनर्वापर करणाऱ्याला परत द्या, राडारोड्यात टाकू नका. हाताने वेचायला येणाऱ्या माणसांच्या बोटांत ती जाते.